ठाण्याची लोकल, घरचा गणपती आणि बेचाळीस किलोमीटर: नोकरी-संसार सांभाळून मॅरेथॉनची तयारी

मॅरेथॉनच्या तयारीचे आयते तक्ते पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ज्याच्यासाठी ते बनवलेले असतात त्याच्या घरी गणपती बसत नाहीत, त्याला दिवाळीत गावी जायचे नसते, डिसेंबरात चुलत भावाच्या लग्नाला कोल्हापूर गाठायचे नसते आणि सकाळची ठरलेली लोकल चुकली म्हणून त्याच्या हजेरीवर लाल खूण पडत नाही. पहिल्या वर्षी मीही असाच एक तक्ता फ्रिजवर चिकटवला होता; तो तिसऱ्या आठवड्यात, गौरी जेवणाच्या दिवशी, कोलमडला. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने मांडले आहे. समोर धरली आहे ती २००४ साली सुरू झालेली आणि साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन, आणि धावणारा धरला आहे तो रोज दोन-तीन तास प्रवास करून नोकरी करणारा, घरात मुले व वडीलधारी माणसे असलेला, पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावू पाहणारा माणूस.

आधी दिनदर्शिका, मग किलोमीटर

शर्यतीच्या रविवारपासून मागे वीस आठवडे मोजले की आपण ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत येऊन पोहोचतो. हे वीस आठवडे मराठी घराच्या वर्षातले सर्वांत गर्दीचे आठवडे आहेत. सुरुवातीलाच गणेशोत्सव, मग पितृपक्ष, नवरात्र, दसरा, मध्यावर दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर खरी लग्नसराई आणि शेवटी कार्यालयातील वर्षअखेर. म्हणून पहिले काम बूट घेण्याचे नाही. भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढावी, घरातल्या सगळ्यांना बसवावे आणि वीस रविवारांना क्रमांक द्यावेत. ज्या रविवारी धावणे अशक्यच आहे, त्यावर सरळ काट मारावी. अशा काट मारलेल्या रविवारांची संख्या तीनपर्यंत असेल तर तयारी निभते, कारण दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचेच असते आणि हे हलके आठवडे सणांच्या आठवड्यांवर बेमालूम बसवता येतात. संख्या सहा-सातवर गेली तर यंदा अर्धमॅरेथॉन धावावी. त्यात कमीपणा काही नाही. २१ किलोमीटर नीट तयारीने धावलेला माणूस पुढच्या वर्षी ४२ धावतो, आणि अर्धवट तयारीने ४२ रेटलेला माणूस पुष्कळदा पुन्हा धावतच नाही.

नोंदणीचाही विचार याच वेळी करावा. मुंबईच्या नोंदणीची दारे पावसाळ्यात उघडतात, आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी आधी धावलेल्या एखाद्या शर्यतीच्या वेळेचा दाखला मागितला जातो. त्यामुळे आदल्या वर्षभरात एखादी अर्धमॅरेथॉन पदरी असणे इष्ट. त्या वर्षीचे नियम प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मूळ ठिकाणीच वाचून घ्यावेत, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

सुरुवात करण्यापूर्वी शरीराची चौकशी

वीस आठवड्यांची ही आखणी शून्यातून सुरू होत नाही. पहिल्या आठवड्यात उभे राहताना निदान तीन महिने नियमित धावणे झालेले असावे आणि १० किलोमीटर न थांबता, न फरफटता पार करता यावेत. वय पस्तीस-चाळिशीच्या पुढे असेल, घरात तरुण वयात हृदयविकार झालेला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा चढ चढताना छातीत दडपण येत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. ईसीजी आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट हा निर्णय त्यांचा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, ब १२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. शाकाहारी माणसांमध्ये ब १२ आणि स्त्रियांमध्ये लोह कमी असणे इतके सर्रास आढळते की, ‘माझ्यात दमच नाही’ असे वर्षभर म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा प्रश्न औषधाच्या गोळीने सुटण्यासारखा असतो.

आठवडा कसा बांधावा

आठवड्यात तीन दिवस पक्के धावणे, चौथा दिवस मिळाला तर मिळाला, आणि दोनदा वीस-वीस मिनिटांचे ताकदीचे व्यायाम, एवढ्यात सामान्य धावपटूची पहिली मॅरेथॉन होते. वेळेच्या हिशेबाने हे सुरुवातीला आठवड्याचे पाच तास आणि ऐन भरात सात तास होतात. यापेक्षा जास्त मागणारा तक्ता नोकरदार माणसाने हाती घेऊ नये, कारण जास्तीचे तास कुठून तरी कापले जातात आणि अनुभव असा की ते झोपेतून कापले जातात.

मंगळवारी ४५ ते ५० मिनिटे सावकाश धावावे. गुरुवारी थोडे कष्टाचे धावणे असावे. शनिवारी जमल्यास अर्धा तास पाय मोकळे करावेत आणि रविवारी लांबची धाव. सोमवार पूर्ण विश्रांतीचा. बुधवार आणि शुक्रवार ताकदीचे. वारांचे हे नाव घट्ट धरू नये; घट्ट धरायचे ते दोन नियम. लांबच्या धावेच्या दुसऱ्या दिवशी धावायचे नाही, आणि कष्टाचे दोन दिवस लागून येऊ द्यायचे नाहीत. ज्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात तिथे उपास करणाऱ्याने त्या महिन्यात कष्टाचे धावणे बुधवारी सरकवावे आणि ताकदीचे व्यायाम गुरुवारी थोडक्यात आटपावेत. रिकाम्या पोटी वेगाचा सराव आणि संध्याकाळी पूजेची तयारी, हे दोन्ही एका दिवशी झेपत नाही.

‘सावकाश’ म्हणजे किती, याविषयी नव्या धावपटूंचा सर्वांत मोठा घोळ असतो. धावताना तेराचा पाढा मोठ्याने, मध्ये श्वासासाठी न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर आहे. तेर चोक बावन्नलाच धाप लागली तर आपण शर्यत धावत आहोत, सराव करीत नाही. आठवड्यातील सुमारे ऐंशी टक्के वेळ या पाढ्याच्या वेगातच जायला हवा. या वेगात हृदय, केशवाहिन्या आणि स्नायूंमधील प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते, आणि अस्थिबंध व हाडे यांना सवय होण्यास अवधी मिळतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडे आणि कंडरा मात्र महिने घेतात; दुखापती होतात त्या बहुधा या दोहोंमधल्या अंतरात.

गुरुवारच्या कष्टाच्या धावण्याला पहिले आठ आठवडे चढ पुरेसा आहे. ठाण्यात राहणाऱ्याला येऊरचा रस्ता आहे, पुण्यात टेकड्या आहेत, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे. ज्याला यातले काहीच नाही त्याला उड्डाणपुलाचा पदपथ किंवा सोसायटीच्या वाहनतळाचा उतार चालतो. दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावून झाल्यावर एक-एक मिनिटाचे सहा ते आठ चढ दमदार पावलांनी घ्यावेत आणि प्रत्येक वेळी चालत खाली उतरावे. नवव्या आठवड्यापासून याऐवजी टेम्पो धाव घ्यावी, म्हणजे २० ते ३० मिनिटे असा वेग की ज्यात दोन-चार शब्द बोलता येतील, पूर्ण वाक्य बोलता येणार नाही.

ताकदीच्या व्यायामासाठी व्यायामशाळेचे वर्गणीपत्र लागत नाही. बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणे, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर शरीर सरळ धरून ठेवणे), एका पायावर उभे राहून वाकणे, आणि जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून पुन्हा चवड्यांवर उठणे, एवढे पाच प्रकार पुरे. शेवटचा प्रकार मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर करतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन्ही पायांचे पंधरा-पंधराचे दोन फेरे पूर्ण होतात.

वेळ काढायचा कुठून, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच्या दारातून सोडवावा लागतो. बहुतेकांना पहाटेशिवाय पर्याय नसतो, आणि पहाट प्रत्यक्षात आदल्या रात्री सुरू होते: कपडे, मोजे, बूट, बाटली, दाराची किल्ली हे सगळे एका खुर्चीवर काढून ठेवले असेल तर साडेचारच्या गजरानंतर विचार करण्यास काही शिल्लक राहत नाही. काहींना संध्याकाळ बरी पडते. कार्यालयातून परतताना घराच्या दोन-तीन स्थानके आधी उतरून उरलेले अंतर धावत येणारे लोक मी पाहिले आहेत. पाठीला घट्ट बसणारी हलकी पिशवी आणि कार्यालयातच ठेवलेला लॅपटॉप, एवढी त्याची पूर्वतयारी. भरगर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून घालवलेला तास-सव्वातास हाही पायांवरचा भारच असतो, हे लक्षात घेऊन अशा संध्याकाळी ठरल्यापेक्षा दहा मिनिटे कमी धावले तरी हरकत नाही.

घरच्यांशी करार

तयारी बंद पडण्याची कारणे विचारली तर लोक गुडघा सांगतात. खोदून विचारले तर निम्म्या वेळा घरातील कुरबुर निघते, आणि ती रास्त असते. रविवारी सकाळी तीन तास गायब राहून, परतल्यावर दोन तास झोपून, दुपारी ‘आज माझ्याच्याने काही होणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा संसार दुसरे कोणीतरी ओढत असते. त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. रविवारी नऊ वाजेपर्यंतची सकाळ माझी, तर शनिवारची पूर्ण सकाळ तिची किंवा त्याची; बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांना डॉक्टरकडे नेणे यांपैकी कोणती कामे धावणाऱ्याने अंगावर घ्यायची हे ठरलेले असावे आणि पाळलेले असावे.

धावणारी व्यक्ती घरातील गृहिणी किंवा नोकरदार स्त्री असेल तर हा करार अधिक काटेकोर हवा. सकाळी सहाला डबे भरायचे असतील तर पहाटेचे धावणे तेव्हाच जमते, जेव्हा आठवड्यातील निदान दोन डबे दुसरे कोणी तरी भरते. अंधारात एकटीने धावण्यापेक्षा दोघी-तिघींनी ठरवून एकत्र निघणे, मार्ग घरी सांगून ठेवणे आणि कानात काही न घालणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तम. पाळीच्या पहिल्या दिवसांत त्रास होत असेल तर लांबची धाव दोन दिवस पुढे ढकलावी. तयारीचे काहीही बिघडत नाही.

रविवारची धाव

बाकी सगळे इकडेतिकडे सरकले तरी चालेल, ही धाव मात्र जपावी. पहिल्या रविवारी १२ किलोमीटर, मग १४, १६ आणि चौथ्या रविवारी पुन्हा १२. पाचव्यापासून १७, १९, २१ आणि आठव्याला १५. नवव्यापासून २२, २४, २५ आणि बाराव्याला १८. तेराव्यापासून २६, २८, ३० आणि सोळाव्याला २०. सतराव्या रविवारी सर्वांत मोठी, ३२ किलोमीटरची धाव. मग २२, १४, आणि विसावा रविवार शर्यतीचा. लग्नाला बाहेरगावी जायचे असेल तर ही धाव शुक्रवारी किंवा शनिवारी पहाटे उरकावी. सावकाश धावणाऱ्याने ३२ किलोमीटरचा हट्ट धरण्याऐवजी साडेतीन तासांची मर्यादा पाळावी, कारण त्यापुढे शरीराला मिळणारा फायदा कमी आणि झीज जास्त असते, शिवाय पुढचा सबंध आठवडा कार्यालयात बसून राहायचे असते.

पूर्ण ४२ किलोमीटर सरावात का धावायचे नाहीत, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. धावण्यास साधारणपणे दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे एक किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात, आणि स्नायू व यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, अंदाजे १,८०० ते २,००० किलोकॅलरी पुरवते. चरबीतून ऊर्जा मिळतेच, पण ती संथपणे. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिसे ओतल्यासारखे जड होतात. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात. या भिंतीवर सरावात वारंवार डोके आपटल्याने ती कमी होत नाही. सावकाश धावून चरबी वापरण्याची सवय लावणे आणि धावताना खाण्याची सवय लावणे, हे दोन उपाय आहेत.

खाण्याचा सराव सातव्या-आठव्या रविवारपासून सुरू करावा. दीड तासापेक्षा लांबच्या धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजुराचे तुकडे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, संत्र्याच्या फोडी, साखर-मीठ-लिंबाचे सरबत यांवरही काम भागते. बाजारातील ऊर्जा देणारे साखरेचे जेल ज्यांना पचते त्यांनी ते घ्यावे. शेंगदाण्याची चिक्की नंतर खाण्यास उत्तम, धावताना मात्र तिच्यातील तेल पोटात दगडासारखे बसते. पहिला घास भूक लागण्यापूर्वी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी घ्यावा. शर्यतीच्या दिवशी जे खायचे आहे ते आधी किमान चार रविवार खाऊन पाहिलेले असावे.

पाण्याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर होतो. धावण्यापूर्वी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले असेल तर सुमारे एक लिटर पाणी कमी पडले. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये दोन तासांत दीड किलो सहज घटते. मात्र ही तूट पूर्ण भरून काढण्याच्या नादात ढसाढसा पाणी पिऊ नये. तहान लागेल तसे, घोटाघोटाने प्यावे; पाच तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ओआरएसची पुडी वापरायची तर ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालावी, चवीसाठी अर्ध्या बाटलीत नव्हे.

सणांचे आठवडे

गणपतीच्या दीड, पाच किंवा दहा दिवसांत मंगळवार-गुरुवार बहुधा बुडतात, त्याची चिंता करू नये. रात्रभर विसर्जन मिरवणुकीत चालल्यानंतर दुसऱ्या दिवशी लांबची धाव घेऊ नये. ढोलपथकात असलेल्यांनी तर त्या आठवड्याचा सराव झालाच असे धरावे. उकडीच्या मोदकांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की तांदूळ आणि गूळ ही दोन्ही उत्तम कर्बोदके आहेत.

नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांना साबुदाणा, वरई, रताळे यांतून ऊर्जा पुरेशी मिळते, प्रथिने मात्र फार कमी पडतात. ताक, दही, पनीर, दाण्याची आमटी, राजगिरा यांनी ती भरून काढावीत आणि त्या आठवड्यात कष्टाचे धावणे वगळावे. निर्जळी उपासाच्या दिवशी अजिबात धावू नये.

दिवाळीचा प्रश्न फराळाचा नसून हवेचा आहे. लक्ष्मीपूजनानंतरच्या पहाटे हवेत धूर साचलेला असतो. एरवीही नोव्हेंबरपासून मुंबईची हवा बिघडते, आणि वारा पडलेल्या थंड पहाटे प्रदूषण जमिनीलगत अडकून राहते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या पुढे असेल तर ती धाव ट्रेडमिलवर न्यावी, कमी करावी किंवा उन्हे वर आल्यावर तासाभराने निघावे. दमेकऱ्यांनी १०० च्या पुढेच सावध व्हावे.

झोप आणि ताट

सात तास झोप हा तयारीचा भाग आहे. तो मिळत नसेल तर वरची सगळी आखणी व्यर्थ आहे. परदेशी ग्राहकाशी रात्री अकराला बैठक असणाऱ्यांनी पहाट सोडून संध्याकाळ धरावी. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी कष्टाचे धावणे सावकाश करावे, आणि अशी सलग दुसरी रात्र असेल तर धावू नये, झोपावे.

आहारात क्रांती करण्याचे कारण नाही. वरण-भात, भाकरी, उसळ, पालेभाजी, दही हे ताट मॅरेथॉनला पुरते, फक्त त्यातील डाळ-उसळीची वाटी मोठी करावी लागते. शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य ठेवल्यास ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम लागतात, आणि दोन वाट्या पातळ आमटीने ते भरत नाहीत. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांना सोपे जाते. शाकाहाऱ्यांनी मोड आलेली कडधान्ये, सोयाबीन, पनीर, दूध आणि फुटाणे यांची दिवसभरात वाटणी करावी. लांबच्या धावेनंतर तासाभरात नुसत्या चहावर न राहता दाणे घातलेले पोहे व दही, किंवा मुगाची खिचडी खावी. या काळात वजन कमी करण्याचा वेगळा संकल्प करू नये. दोन व्रते एकत्र सांभाळता येत नाहीत.

बुडालेले दिवस आणि दुखणारे पाय

बुडालेली धाव भरून काढायची नाही. दोन-तीन दिवस गेले तर आहे त्या दिवशी आहे ते करावे. आठवडा गेला तर पुढच्या रविवारी ठरलेल्या अंतरातून चौथा हिस्सा वजा करावा. दोन आठवडे गेले तर शेवटी धावलेल्या लांब अंतराच्या दोन-तृतीयांशापासून पुन्हा चढावे. बाराव्या आठवड्यानंतर तीन आठवडे गेले असतील तर आयोजकांचे नियम पाहून अर्धमॅरेथॉनकडे वळावे, किंवा यंदा सोडावे.

ताप असताना, आणि ताप उतरल्यावरही छातीत जडपणा किंवा धडधड असताना, धावणे जिवावर बेतू शकते. विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डेंग्यू किंवा तसा मोठा आजार झाला तर परतण्याची तारीख डॉक्टर ठरवतील. साध्या सर्दीत, गळ्याच्या वर त्रास असेल तर, हलके धावण्यास हरकत नसते.

स्नायूंचे दुखणे आणि दुखापत यांतला फरक ओळखावा. दोन्ही पायांत सारखे, पसरलेले, धावताना सैलावणारे दुखणे हे सरावाचे. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येते, हाडावर दाबल्यास कळ येते, धावताना वाढत जाते किंवा चाल बदलायला लावते ते दुखणे आले की थांबावे आणि अस्थितज्ज्ञाला दाखवावे. नडगीच्या हाडाला गेलेली बारीक चीर ‘अंगावर काढल्याने’ मोठी होते. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताच टाचेत कळ येत असेल तर पोटऱ्या ताणण्याचे व चवड्यांवर उठण्याचे व्यायाम लगेच सुरू करावेत आणि घरातही अनवाणी फिरणे थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, घामाने पाणी कमी झालेल्या अवस्थेत, मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

बुटांविषयी थोडक्यात. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्यावेत. महाग म्हणून चांगले असे नसते. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ते बदलावे लागतात, त्यामुळे शर्यतीचे बूट पंधराव्या आठवड्याच्या सुमारास वापरात आणावेत. सप्टेंबरच्या पावसात भिजलेले बूट आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून धावू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. काखेत, मांड्यांना आणि पुरुषांनी स्तनाग्रांना व्हॅसलीन लावण्यास लाजू नये. पांढऱ्या बनियनवर रक्ताचे दोन ओघळ घेऊन आलेले धावपटू दरवर्षी दिसतात.

शेवटचे तीन आठवडे आणि शर्यतीची पहाट

३२ किलोमीटरच्या धावेनंतर टेपर, म्हणजे शर्यतीपूर्वी सराव उतरवत नेण्याचा काळ, सुरू होतो. आधी पाव, मग जवळजवळ निम्मे आणि शेवटच्या आठवड्यात साठ टक्के अंतर कमी करावे. गुरुवारच्या धावण्यातील थोडा वेग मात्र ठेवावा. या काळात पाय अकारण जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात आणि ‘आणखी एकदा ३० धावून पाहावे’ अशी बुद्धी होते. तीन आठवड्यांत तयारी वाढवता येत नाही, बिघडवता मात्र येते. वाचलेल्या वेळात घरची तुंबलेली कामे करावीत. शेवटचे दोन-तीन दिवस ताटातील भात, बटाटा वाढवावा, तेलकट आणि तंतुमय पदार्थ कमी करावेत, आणि शनिवारी रात्री सात-साडेसातला साधा वरण-भात खाऊन मोकळे व्हावे. बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) आधीच्या दिवसांत जाऊन आणावा लागतो, त्यासाठी कार्यालयातून अर्धा दिवस सुटी धरून ठेवावी.

वेळेचे लक्ष्य ठरवताना अर्धमॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून वीस मिनिटे मिळवतात. मुंबईच्या दमट हवेत आणि पहिल्या वेळी तीस मिळवावीत. सव्वादोन तासांत अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याने पाच तास धरावेत, म्हणजे किलोमीटरला सुमारे सात मिनिटे सात सेकंद.

पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते, म्हणजे उपनगरात राहणाऱ्याने अडीचला उठून दोन केळी आणि जॅम लावलेला पाव खाल्लेला असावा. त्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडते. तिचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे. पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू धावावे. मरीन ड्राइव्हचा वारा आणि टाळ्या वाजवणारे लोक यांच्या नादात तिथे वाचवलेला प्रत्येक मिनिट परतीच्या वाटेवर व्याजासकट फेडावा लागतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर प्रेक्षक नसतात, त्या शांततेत खाण्यापिण्याचा हिशेब तपासून घ्यावा. साडेआठनंतर ऊन जाणवू लागते; डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतावे, टोपी ओली ठेवावी. परतताना, नेहमीच्या जुन्या मार्गावर, पेडर रोडचा चढ ३५ व्या किलोमीटरच्या सुमारास येतो. तो लहान आहे, पण येतो नेमका ग्लायकोजेन संपण्याच्या वेळी. तो चालत चढण्याचे आधीच ठरवून ठेवावे, लहान पावले टाकत, हात हलवत. उतारावर पुन्हा धावू लागावे. छातीत दुखणे, चक्कर, घाम अचानक थांबणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात जाऊन बसावे.

संपल्यावर लगेच जमिनीवर बसू नये, पंधरा मिनिटे चालत राहावे, अंगावर कोरडा सदरा घालावा आणि खारट काहीतरी खावे. परतीच्या लोकलसाठी शक्यतो पूल चढावा लागणार नाही असा फलाट निवडावा. पुढचा पूर्ण आठवडा धावू नये, चालावे. जिने चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाते, तेव्हा दोन-तीन दिवस कठडा धरून, गरज पडल्यास उलटे उतरावे; आणि सोमवारच्या रजेचा अर्ज डिसेंबरातच टाकून ठेवावा, कारण त्या दिवशी रजा मागणारे कार्यालयात आपण एकटेच नसतो.